बॉनेटखालच्या सेन्सरांचं कूळ

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या ७९६ सीसी इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते कार्बोरेटर ठरवायचा. थंडीत चोक ओढायचा, आयडलचा स्क्रू जरासा फिरवून इंजिनाचा आवाज कानाने लावायचा. मेकॅनिक प्लग काढून बघायचे: टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळंकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त. एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत, आली आणि ही सगळी पारख सेन्सरांकडे गेली. एखाद्या सेन्सरचं काम आधी कोण करत होतं हे ठाऊक असलं, की सेन्सर कुठे असेल हे बरंचसं कळतं.

चोकची जागा घेणारा कूलंट सेन्सर थर्मोस्टॅटच्या आसपास असतो. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरकडे होती. आता क्रँकशाफ्ट कुठे आहे हे क्रँक सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो आणि ती वेळ इसीयू ठरवतो, म्हणून तो पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ शोधावा. इनटेकमधला दाब मोजून पेट्रोल ठरवायची पद्धत बॉशने १९६७ मध्ये फोक्सवागन १६०० वर आणली. आजच्या छोट्या गाडीतला मॅप सेन्सर त्याच घराण्यातला. तो इनटेक मॅनिफोल्डवर किंवा तिथून निघालेल्या रबरी नळीच्या टोकाला सापडतो.

माझ्या मते या घराण्याचा कर्ता ऑक्सिजन सेन्सर. त्याची मुळं थेट १८९७ पर्यंत जातात. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा केला. तापल्यावर ही सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन वाहून नेते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू ठेवला, की ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज निघतं. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या. ती तापलेली हवी, म्हणून सेन्सर एक्झॉस्टमध्येच घुसवलेला असतो. १९७६ मध्ये व्होल्वोने तो कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बसवला. कारण एक्झॉस्टमधले तीन विषारी वायू एकदम निष्प्रभ करणारा कन्व्हर्टर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तरच नीट चालतो, आणि कार्बोरेटरला एवढं काटेकोर जमत नव्हतं.

पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टरला आणि या सेन्सरला, दोघांनाही मारतं. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. १९९८ मध्ये आलेल्या सँट्रो आणि मॅटिझ एमपीएफआयच होत्या. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना वर्षभरात युरो-२ हे धुराचे निकष सक्तीचे केले, २००१ च्या जानेवारीत मुंबईचीही पाळी आली. छोट्या गाडीतला कार्बोरेटर गेला तो या निकषांमुळे. शहरांच्या हवेसाठी तो जायलाच हवा होता.

पुढे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखायची सोय, आली, स्टिअरिंगखाली स्कॅनरचा सॉकेट आला. पण स्कॅनरवर पी०१७२, म्हणजे 'मिश्रण रिच', दिसलं की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू देऊ नका. मॅप सेन्सरची नळी चिरली असेल तर इनटेकमधला दाब खोटाच जास्त दिसतो, इसीयू पेट्रोल वाढवतो, आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. आधी ती नळी आणि कपलर तपासायला सांगा.