गोचीड राहते कुठं?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली, तेव्हा शेवटच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञान जरा राहू द्या. कुत्र्याच्या गोचिडींवर काही नैसर्गिक उपाय आहे का?" सभागृह हसलं. आम्ही हसलो नाही. का हसलो नाही ते पुढं येईल. तेव्हा त्यांना शब्द दिला होता की पुढचं व्याख्यान तुमच्या प्रश्नावर. तर आज गोचीड. अर्थात आमच्या पद्धतीनं, म्हणजे थोडं मागून सुरू करून.

मागून म्हणजे किती मागून? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायापासून. तिथं एक दृष्टान्त आहे. गाईचं दूध पवित्र आणि गोड, कातडीच्या एका पदराआड, अगदी जवळ. पण गोचीड ते सोडून रक्तच पिते. कीर्तनात हा दृष्टान्त आपण पुष्कळदा ऐकतो आणि त्यातला बोध घेऊन घरी जातो. आज बोध बाजूला ठेवू. आपण फक्त एवढं पाहू की सांगणाऱ्याला गोचीड कुठं बसते हे नेमकं माहीत आहे. ती कासेला बसते, जिथं कातडी पातळ असते. गोठ्यात बसून कुणीतरी हे पाहिलेलं आहे. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290.

आता त्याहून तेराशे वर्षं मागं जाऊ, रोमला. मार्कस व्हॅरो नावाचा पंडित ऐंशीव्या वर्षी शेतीवर पुस्तक लिहायला बसला. (आमच्याहून वयानं मोठाच, त्यामुळं आम्हाला तो फार आवडतो.) त्यात राखणीच्या कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. तो सांगतो, बदाम पाण्यात वाटून कुत्र्याच्या कानांना आणि पायाच्या बोटांच्या मध्ये चोळा, नाहीतर माश्या, गोचिडी आणि पिसवा तिथं जखमा करतील. बदामाचा किती उपयोग होत असेल ते सोडा. कान आणि बोटांच्या बेचक्या, या जागा बघा. आज कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरकडे कुत्रा नेला की तो आधी तिथंच बोट घालतो.

त्याच्याही आधीचा केटो. त्याची कृती मेंढ्यांसाठी आहे. ऑलिव्हच्या तेलाचा गाळ, कडू शेंगा भिजवलेलं पाणी आणि चांगल्या दारूचा गाळ सारख्या मापानं घ्यायचा, लोकर कातरली की अंगाला फासायचा, दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं आणि मग समुद्रात धुवायचं. खरूज होणार नाही, लोकर चांगली येईल आणि गोचिडी त्रास देणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. म्हणजे नैसर्गिक उपायाचा शोध ही आजच्या काळाची हौस नाही. माणसानं जनावर पाळलं तेव्हापासून तो चालू आहे.

पण या सगळ्या उपायांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही, की गोचीड जनावराच्या अंगावर राहते. ती खरंच तिथं राहते का?

ॲरिस्टॉटल म्हणतो, गोचिडी गवतातून जन्मतात. आपण हसू, कारण गवताला गोचिडी होत नाहीत. पण थांबा. त्यानं पाहिलेलं बरोबर आहे, अनुमान चुकलेलं आहे. आमच्या विषयात हा फरक पहिल्याच वर्षी शिकवतात आणि विद्यार्थी तो पहिल्याच वर्षी विसरतात. गोचिडी खरोखरच गवतातून येतात. मादी पोटभर रक्त पिऊन फुगते, गळून पडते आणि जमिनीवर, फटीत, पाचोळ्याखाली हजारो अंडी घालून मरते. अंड्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. ती उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. ती गवताच्या पात्यावर चढतात, पुढचे पाय पसरतात आणि वाट बघतात.

या वाट बघण्यावर विसाव्या शतकात तत्त्वज्ञांनी बरंच लिहिलं आहे. याकोब फॉन उएक्स्क्युल या जीवशास्त्रज्ञानं 1934 साली एका छोट्या पुस्तकात गोचिडीचं जग रंगवलं. त्या जगात तीनच गोष्टी आहेत: घामात असलेल्या एका आम्लाचा वास, ऊब आणि केस नसलेली कातडी. फुलं नाहीत, चंद्र नाही, आपण माणसं म्हणूनही नाही. वास आला की ती पडते, ऊब लागली की चालते, मऊ जागा मिळाली की तोंड रुतवते. रोस्टॉकच्या प्रयोगशाळेत उपाशी गोचीड अठरा वर्षं जिवंत राहिली असंही त्यानं लिहिलंय. त्यावर शंका घ्यायला जागा आहे, म्हणून आम्ही ती गोष्ट जपूनच सांगतो. पण महिनोन्महिने ती उपाशी राहू शकते यात वाद नाही. आणि एक दिवस तो उपास तिला मारतो, हेही खरं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण अमेरिकेत टेक्सासला जातोय.

तिकडच्या यादवी युद्धानंतर टेक्सासमधून गुरांचे प्रचंड कळप उत्तरेकडे हाकले जाऊ लागले. कळप धडधाकट असायचे. पण ते ज्या कुरणांतून जात, तिथली गुरं महिन्याभरानं ताप येऊन, लाल लघवी होऊन मरत. मिझुरीचे शेतकरी बंदुका घेऊन रस्त्यात उभे राहत आणि कळप परत पाठवत. निरोगी जनावर रोग कसा देईल? विद्वान म्हणत, लाळेतून, शेणातून, तुडवलेल्या गवतातून. गुराखी म्हणत, गोचिडीतून. विद्वान हसले. (हसण्याचा हा रोग फार जुना आहे.)

1889 साली थिओबाल्ड स्मिथ हा तिशीतला डॉक्टर आणि त्याचा सहकारी किलबोर्न यांनी ठरवलं की गुराख्यांचं म्हणणं तपासून तरी पाहू. प्रयोग इतका साधा की आजही ऐकून बरं वाटतं. दक्षिणेची गुरं आणली, त्यांच्या अंगावरची एकेक गोचीड हातानं वेचून काढली आणि त्यांना उत्तरेच्या गुरांबरोबर एका कुंपणात ठेवलं. कुणी आजारी पडलं नाही. मग दुसऱ्या कुंपणात दक्षिणेची गुरं न आणता नुसत्या गोचिडी गवतात सोडल्या. तिथली गुरं तापानं फणफणली. महिन्याभराचं कोडंही सुटलं. गळून पडलेल्या मादीची अंडी उबून पिल्लं बाहेर यायला तेवढा वेळ लागतो आणि रोग पिल्लं देतात. 1893 मध्ये हे प्रसिद्ध झालं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरिया दिसला तो 1897 मध्ये, म्हणजे चार वर्षांनी.

यातून जो उपाय निघाला तो आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. कुरण रिकामं ठेवा. काही महिने त्यात एकही जनावर सोडू नका. पिल्लं गवतावर चढतील, पाय पसरून वाट बघतील आणि उपाशी मरतील. ना औषध, ना धूर, ना तेल. 1906 साली सरकारी मोहीम सुरू झाली, 1943 पर्यंत ती बहुतेक देशभर पुरी झाली. खरं सांगायचं तर तिथं नुसत्या रिकाम्या कुरणांनी भागलं नाही. गुरांना सोमलाच्या पाण्यातूनही पोहायला लावलं. सोमलही निसर्गातलाच, हे विसरू नका.

आता आमची गोष्ट. आमच्याकडे एक गावठी कुत्री होती, राणी नावाची. तिच्या अंगाला दर रविवारी कडुनिंबाचं तेल लावायचा आमचा नेम होता, आणि त्या नेमाचा आम्हाला अभिमानही होता. शेजारी बाजारातली औषधं लावत, आम्ही त्यांना व्याख्यान देत असू. एका मे महिन्यात राणीनं खाणं सोडलं. दोन दिवसांनी नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी हिरड्या उघडून दाखवल्या, पांढऱ्याफटक. गोचीड-ताप, म्हणाले, आणायला उशीर झाला. आठव्या दिवशी ती गेली. पावसाळ्याआधी व्हरांड्याला रंग द्यायला माणूस आला, त्यानं तिच्या झोपायच्या जागेवरचा सुटलेला गिलावा खरवडला, आणि आम्हाला हाक मारली. गिलाव्यामागं भिंतीच्या फटीत ओळीनं गोचिडी बसलेल्या होत्या, लहानमोठ्या, शेकड्यांनी. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढते आणि तीनदा उतरते. अंगावर ती थोडे दिवस असते. उरलेलं आयुष्य तिचं भिंतीत. आम्ही दर रविवारी कुत्रीला तेल लावत होतो आणि भिंतीकडे पाठ करून बसत होतो. ज्ञानेश्वरी, ॲरिस्टॉटल, उएक्स्क्युल, सगळं तेव्हाही वाचलेलं होतं.

म्हणून बाई, आम्ही हसलो नाही.

कडुनिंब खोटा आहे असं मात्र नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन कीटकांच्या वाढीत आणि कात टाकण्यात अडथळा आणतं. पण ते सावकाश काम करतं आणि त्याचा वास लवकर उडतो. करंजाच्या तेलाचंही साधारण तसंच. सीताफळाच्या बियांची पूड जहाल आहे, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, आणि कुत्रं काही डोळे मिटून बसत नाही. तंबाखूचं पाणी तर लावूच नका. कुत्रं अंग चाटतं, कातडीही निकोटीन शोषते, आणि गोचिडीआधी पिल्लू मरायचं. माणसांसाठी लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं एक द्रव्य चांगलं ठरलं आहे, पण तेही तीन वर्षांखालच्या मुलाला लावत नाहीत. कोंबड्या गोचिडी वेचून खातात हे आपल्या आज्या सांगायच्या. केनियात 1991 साली अभ्यासकांनी कोंबड्यांनी टिपलेल्या गोचिडी मोजून ते खरं ठरवलं. फक्त भिंतीच्या फटीत कोंबडीची चोच जात नाही.

कुत्र्यावर थांबता आलं असतं. पण हा प्रश्न माणसाच्या जिवाचाही आहे, आणि तो आपल्याच घराजवळचा आहे.

1957 च्या उन्हाळ्यात कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ गावात तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिकडे धावले. आधी धसका होता पीतज्वराचा. निघाला वेगळाच विषाणू, रशियातल्या जंगलात गोचिडींमुळं होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक. त्याला त्या जंगलाचं नाव मिळालं; आपल्याकडे लोक माकडताप म्हणतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच उतरतात, आणि ती जागा धोक्याची होते. पुढं होर्हे बोशेल या संशोधकानं दाखवलं की जंगल तोडून मध्ये शेती आली, गुरं जंगलात चरायला गेली आणि मोठ्या गोचिडींना आयतं रक्त मिळालं. म्हणजे माकडाला दोष देण्याआधी आपण आपली पावलं मोजावीत.

2015 मध्ये हा ताप गोव्यात सत्तरीला पोचला आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला. हंगाम डिसेंबर ते मे. काजू वेचायचा हंगाम हाच, आणि तरवा भाजण्यासाठी पातेरा गोळा करायचाही हाच. ज्या बाईच्या डोक्यावर पातेऱ्याचा भारा असतो, तिच्या मानेवर गोचिडीचं पिल्लू उतरतं, तिळाहून लहान. आजारी पडलेल्या शंभरांत तीन ते पाच दगावतात. जुनी लस पुरेसा परिणाम देईना म्हणून तिचा वापर थांबवावा लागला. मग हाती काय उरतं? उघड्या हातापायांना लावायचं तेल. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं तसं एक तयार केलेलं आहे. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला. रानात पाचोळ्यावर टेकायचं नाही. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात, आंघोळ गरम पाण्यानं, आणि एकमेकांच्या माना, काखा, गुडघ्यामागच्या खळग्या तपासायच्या. हंगामात जंगलातला पातेरा घरी, गोठ्यात आणायचा नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं. पातेरा आणू नका हे सांगणं सोपं असतं. त्यावर ज्याचा तरवा अवलंबून आहे त्याला पर्याय द्यावा लागतो, आणि तो सरकारी पत्रकात नसतो.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुत्रा जिथं झोपतो तिथून सुरुवात करा. भिंतीच्या, फरशीच्या फटी सिमेंटनं बुजवा, वर चुना लावा, खालचं अंथरूण आठवड्याला कढत पाण्यात घाला, अंगणातलं गवत कापा. रोज संध्याकाळी व्हॅरोच्या जागा तपासा: कान, बोटांच्या बेचक्या, आणि गळपट्ट्याखालीही. गोचीड सापडली तर काडी लावू नका, रॉकेल टाकू नका. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पोट दाबू नका, आणि साबणाच्या पाण्यात टाका. कुत्रा सुस्त झाला, हिरड्या फिकट दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्टरांनी औषध दिलं तर ते लावा; आम्ही आता लावतो. कडुनिंबाचं तेलही लावतो, रविवारी, सवय म्हणून.

त्या व्हरांड्यात सध्या दुसरी कुत्री झोपते. भिंत दरवर्षी मे लागायच्या आत आम्ही स्वतः बॅटरी घेऊन बघतो. गुडघे कुरकुरतात, पण बघतो. आता प्रश्न घेऊ या.