एस.टी.च्या तिकिटात मावणारा इतिहास

सहलीची सूचना लागली की वर्गाचे दोन भाग पडतात. ज्यांना परवडते ती मुले नाव नोंदवतात. उरलेली ‘घरी काम आहे’ असे सांगतात. विद्यार्थी असताना मीही हेच सांगत असे. घरातला पहिला पदवीधर मी. वर्गणी मागायला घरी तोंड उघडत नसे. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्या इतिहासासाठी आपण वेरूळ-अजिंठ्याची स्वप्ने पाहतो, त्याचे धागेदोरे धाराशिवच्या आसपासच विखुरलेले आहेत. भाकरी फडक्यात बांधावी, एस.टी.त बसावे आणि दिवस मावळायला घरी यावे. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून मुलीही अधिक येतात.

पहिली वाट धाराशिव लेण्यांची. शहरापासून काही किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत ही लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील प्रशस्त सभामंडप, भोवतीच्या खोल्या आणि गाभाऱ्यातील पद्मासनस्थ मूर्ती पाहून अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण होते. एकोणिसाव्या शतकात बर्जेसने या लेण्यांची पाहणी केली. लेणी मूळची बौद्ध की जैन, यावर विद्वानांत वाद झाला. मूळ बौद्ध लेणी पुढे जैनांकडे गेली, असे मत अनेकांनी मांडले आहे. दुसरीकडे जैन वाङ्मयातील करकंड राजाची कथाही या लेण्यांशी जोडली जाते. मुले उत्साहाने म्हणतात, “सर, हे सगळे आपलेच!” मी त्यांना थांबवतो. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी मनाला येईल तसा लिहिला, त्यांनी तरी पुराव्यावाचून लिहू नये. आपल्याला सत्य पुरेसे आहे.

दुसरी वाट तेरची. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तिथले कापड गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोच बंदराला जाई. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीटने १९०१ साली दाखवून दिले. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी नाते सांगते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे हा संबंध किती जुना ते कळते. गावातले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे. या रचनेवरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्खननात स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. याच तेरला पुढे गोरोबा कुंभार झाले. मातीत हात घालणाऱ्याच्या नावाने गाव ओळखले जावे, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरी वाट नळदुर्गाची. बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या पोटातच पाणीमहाल काढला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली तो पुरा झाला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. तिथे मी मुलांना एकच प्रश्न विचारतो : दगड कोणी फोडला, चुना कोणी मळला? सुलतानाचे नाव आपल्याला पाठ आहे. बाकीच्यांची नावे टिपून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

चौथी वाट बहुतेक सहलीच्या यादीत नसते. ती कसबे तडवळ्याची. गेल्या वर्षी तिथे उतरल्यावर एका मुलाने विचारले, “सर, इथे पाहायचे काय?” प्रश्न रास्त होता. तिथे शिल्प नाही, बुरूज नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी या गावी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. त्यांच्या मुक्कामाची शाळा गावकरी दाखवतात. वतन म्हणजे काय, हे मुलांना तिथेच सांगितले. तुकडाभर जमीन आणि दारोदारचे बलुते. त्या बदल्यात रात्रंदिवस केव्हाही हाक आली की धावायचे. वतन म्हणजे मान, असे आपल्याच माणसांना वाटे. बाबासाहेबांना ती बेडी दिसली. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगतो. एकमेकांकडे पाठ फिरवणाऱ्या दोन जाती त्या परिषदेच्या नावात तरी शेजारी बसल्या होत्या. आज आपल्यात ते किती उरले आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

माझे आजोबा तराळकी करीत. त्यांची घुंगरकाठी आमच्या घरात आढ्याला खोवलेली असे. वतन गेले त्या साली त्यांनी ती स्वतःच्या हाताने चुलीत घातली, असे आजी सांगायची. त्यांनी केले ते योग्यच केले. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ती काठी हवी होती. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वेचल्या, म्हणून तिथे संग्रहालय उभे राहिले. आपल्या वस्त्यांतील अशा वस्तू वेचणारे कोणी नव्हते. काठ्या जळाल्या, त्या ज्यांनी हाती धरल्या त्यांतली काही म्हातारी माणसे अजून बोलती आहेत.

म्हणून परतीच्या एस.टी.त मी मुलांना एक काम देतो. घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा, त्यांनी काय केले ते विचारा आणि तारीख घालून लिहून काढा. या सहलीला तिकीटही लागत नाही. मागच्या खेपेला ‘घरी काम आहे’ म्हणून न आलेल्या एका मुलीने सर्वांत आधी वही आणून दिली. त्यात अकरा पाने भरली होती.