लोखंडातल्या दोन मार्गिका

तुम्ही १८५७ सालच्या ग्लासगोत आहात. प्राध्यापक विल्यम थॉमसन यांना ‘लॉर्ड केल्विन’ व्हायला अजून ३५ वर्षं आहेत. ते लोखंडाच्या तुकड्यातून वीज सोडतात आणि त्याला चुंबक करतात. वीज चुंबकाच्या दिशेने वाहिली की रोध किंचित वाढतो, आडवी वाहिली की किंचित घटतो. नोंद पक्की आहे, पण कारण विचारू नका. खुद्द इलेक्ट्रॉनचा शोधच ४० वर्षं लांब आहे. निकेलवरही त्यांनी हेच करून पाहिलं आहे. इथे रेंगाळण्यात अर्थ नाही, पुढे चला.

१९३६, ब्रिस्टल. इथे यंत्रं नाहीत, कागद आहे. तिशीतले नेव्हिल मॉट यांचं कोडं असं: निकेलसारखी धातू तांब्याइतकी सहज वीज का वाहू देत नाही? इलेक्ट्रॉनला स्पिन असतो आणि त्याच्या दिशा दोनच, हे आता माहीत झालं आहे. निकेलमध्ये एका दिशेच्या स्पिनच्या जागा भरलेल्या असतात, दुसऱ्या दिशेच्या काही मोकळ्या राहतात. वीज वाहून नेणारा इलेक्ट्रॉन त्या मोकळ्या जागांत जाऊन अडकतो, पण त्याच स्पिनचा असेल तरच. दुसऱ्या स्पिनचा सुखरूप पुढे जातो. शिवाय कमी तापमानात धडकेनंतरही स्पिन सहसा बदलत नाही. म्हणजे एकाच तारेत दोन प्रवाह शेजारून वाहतात आणि एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत. मॉट हे छापतात. पुढची बरीच वर्षं ते कागदावरच राहतं.

आता जरा निवांत उतरा, कारण खरी मौज पुढच्या मुक्कामी आहे.

१९६० च्या दशकाची अखेर, पॅरिसच्या दक्षिणेला ऑर्से. तिशीच्या आसपासचे आल्बेर फेर पीएच.डी. करताहेत, सोबत इयान कॅम्पबेल. दोघांनी निकेलमध्ये मुद्दाम भेसळ चालवली आहे. चिमूटभर कोबाल्ट, चिमूटभर ऱ्होडियम, चिमूटभर सोनं. नमुना द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना, आणि मग रोध मोजायचा. तुम्ही वाकून आकडे पाहता. नुसता कोबाल्ट घातला तर रोध थोडाच वाढतो. नुसता ऱ्होडियम घातला तरी तसंच. पण दोन्ही एकत्र घातले की रोध त्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त भरतो! कोबाल्ट आणि सोनं एकत्र घातल्यावर मात्र असं काही होत नाही.

हे समजायला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग डोळ्यांपुढे आणा. समजा रस्त्याला दोनच मार्गिका आहेत आणि मार्गिका बदलायला सक्त मनाई आहे. खालापूर टोलनाक्यावर डावी मार्गिका तुंबली तरी उजवीतली वाहनं सुटतात. पण पुढे उर्से टोलनाक्यावर उजवी तुंबली, तर कोणीच सुटत नाही. कोबाल्ट एका स्पिनला अडवतो, ऱ्होडियम दुसऱ्याला, म्हणून दोघं मिळून सगळी वाहतूक रोखतात. सोनं कोबाल्टचीच मार्गिका अडवतं, त्यामुळे दुसरी मोकळी राहते. मॉट यांचे दोन प्रवाह इथे प्रयोगात हाती लागले.

आणि इथेच फेर यांच्या मनात एक विचार डोकावतो. भेसळीच्या अणूंऐवजी चुंबकाचे पातळ थर एकावर एक रचले तर? शेजारच्या थरांचं चुंबकत्व विरुद्ध दिशांना असेल तर दोन्ही मार्गिका बंद. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून सगळे थर एका दिशेला वळवले की एक मार्गिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुली. चुंबकाने उघडबंद होणारी धातू! फक्त थर काही नॅनोमीटरचेच हवेत, नाहीतर पुढच्या थरात पोचेपर्यंत इलेक्ट्रॉन वाटेतच धडका खाईल. असे थर बनवायची सोय १९७० साली नाही. कल्पना तयार आहे आणि ती थांबली आहे ती निर्वात पंपासाठी. विज्ञानाच्या इतिहासात हा भाग आपण फार घाईने वाचतो, असं मला वाटतं.

थेट १९८६ मध्ये या, जर्मनीतल्या यूलिशला. लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा अतिपातळ थर ठेवला, तर लोखंडाचे थर आपणहून विरुद्ध दिशांना वळतात, हे पेटर ग्र्यूनबेर्ग यांनी दाखवून दिलं आहे. फेर यांना हवी असलेली मांडणी हीच.

१९८८, पुन्हा ऑर्से. थर बनवून दिले आहेत थॉमसन-सीएसएफ कंपनीच्या संशोधकांनी. (ग्लासगोच्या थॉमसनांशी या नावाचा संबंध नाही.) अतिनिर्वात पेटीत धातू वाफेच्या रूपात जवळजवळ अणूअणूने बसवली आहे: ३ नॅनोमीटर लोखंड, ०.९ नॅनोमीटर क्रोमियम, अशा ६० जोड्या. ब्राझीलहून आलेले मारिओ बाइबिश मोजमाप करताहेत. नमुना हेलियममध्ये आहे. क्षेत्र वाढवत नेलं तसा रोध उतरू लागतो, उतरतच राहतो आणि २ टेस्लापाशी मूळच्या जवळजवळ निम्मा होतो. थॉमसनांच्या ‘किंचित’ला १३१ वर्षं झाली होती. तिकडे यूलिशमध्ये ग्र्यूनबेर्ग यांना तीनच थरांत दीड टक्का फरक मिळतो, पण तो खोलीच्या तापमानाला. त्याचा उपयोग ओळखून ते त्याच वर्षी पेटंटचा अर्ज करतात.

शेवटचा थांबा कॅलिफोर्नियातला सॅन होजे, आयबीएमची अल्माडेन प्रयोगशाळा. एकेक नमुना सावकाश वाढवत बसायला स्टुअर्ट पार्किन यांना वेळ नाही. ते स्पटरिंगची साधी, भरभर चालणारी पद्धत वापरतात. आर्गॉनच्या आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवायचे आणि ते तबकडीवर बसू द्यायचे. एकामागून एक धातूंच्या जोड्या तपासून होतात. कारखान्यात करता येईल असं काम ते हेच. १९९७ च्या अखेरीस चुंबकाने रोध बदलण्याच्या या परिणामावर माहिती वाचणारं टोक असलेली आयबीएमची हार्ड डिस्क बाजारात येते, क्षमता १६.८ गिगाबाइट.

२००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल फेर आणि ग्र्यूनबेर्ग यांना मिळालं. नोबेल तिघांना देता येतं, तिसरी जागा रिकामीच ठेवली गेली. माझ्या मते ती पार्किन यांची होती. कल्पनेला हत्यार मिळेपर्यंत तिचं काय होतं, हे १९७० सालीच दिसलं होतं. २०१४ साली फिनलंडचं मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मात्र पार्किन यांना, आणि एकट्यांना, मिळालं.