आनुवंशिक टक्कल

आनुवंशिक टक्कल म्हणजे जनुके व संप्रेरके यांच्या संयुक्त परिणामाने डोक्यावरील केस क्रमाक्रमाने विरळ होणे होय. पुरुषांत कपाळाचे कोपरे व टाळू प्रथम उघडी पडते. स्त्रियांत भांग रुंदावतो.

टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे एका विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते. त्यास संवेदनशील असलेली केशमुळे आक्रसतात आणि दर खेपेस उगवणारा केस अधिक बारीक व आखूड होतो. नवल असे की, याच संप्रेरकाने दाढी मात्र दाट होते. वयात येण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉन दिल्यास मात्र, घराण्यात टक्कल असेल तर, तेही केस गमावू लागतात, असे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले.

टक्कल पडलेला भाचा ‘मामावर गेला’ असे म्हणतात, ते अर्धेच खरे. या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाला ते आईकडूनच मिळते. परंतु इतर अनेक जनुके पित्याकडूनही येतात.

मालवण किनाऱ्यावर घरोघरी वापरले जाणारे खोबरेल तेल केसाचे बाहेरून रक्षण करते. मुळांवरील संप्रेरकाची क्रिया त्याने थांबत नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात स्त्रिया व मुलांसह अनेकांचे केस काही दिवसांतच गळले, तो प्रकार या व्याधीहून सर्वस्वी भिन्न होय.