चौथ्या डाऊनचा हिशेब

१८८१ साली प्रिन्स्टन आणि येल या दोन अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत फुटबॉलचा एक विचित्र सामना झाला. पूर्वार्धभर चेंडू प्रिन्स्टनने दाबून धरला, उत्तरार्धभर येलने. पुढे सरकण्याची कुणालाच घाई नव्हती, कारण चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवायचा यावर नियमांत कसलंच बंधन नव्हतं. सामना शून्य-शून्य सुटला आणि पैसे मोजून आलेले प्रेक्षक वैतागून घरी गेले.

यावरचा तोडगा येलच्या वॉल्टर कॅम्पकडून आला. रग्बीतली चेंडूभोवतीची झोंबाझोंबी काढून ‘स्क्रिमेज’ची आखीव रचना त्यानेच १८८० मध्ये आणली होती. १८८२ मध्ये तिला अट जोडली गेली: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. पुढे खेळ इतका रानटी झाला की मैदानावर विद्यार्थी दगावू लागले. १९०५ मध्ये खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि पाचाऐवजी दहा यार्डांची अट आली. तीन प्रयत्नांत दहा यार्ड काढणं जड जाऊ लागलं, म्हणून १९१२ मध्ये चौथा डाऊन देण्यात आला. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याचे, सहा गुण आणि शंभर यार्डांचं मैदान हेही त्याच वर्षीचं. शेजारच्या कॅनडात आजही तीनच डाऊन आहेत.

म्हणजे हा चौथा प्रयत्न मुळात खेळणाऱ्या संघाला सवलत म्हणून आला होता. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं संघांनी ती सवलत बहुतेक वेळा परत केली.

चौथ्या डाऊनवर तीन वाटा असतात. गोलखांब आवाक्यात असले तर लाथ मारून फील्ड गोल करायचा आणि तीन गुण घ्यायचे. ते लांब असले तर ‘पंट’, म्हणजे चेंडू उंच लांब टोलवून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं. तिसरी वाट म्हणजे उरलेले यार्ड खेळूनच काढायचे. जमलं तर पुन्हा चार डाऊन मिळतात; फसलं तर चेंडू आहे त्या जागी समोरच्याच्या हाती जातो. प्रो कबड्डीतल्या ‘डू ऑर डाय’ चढाईशी याचं नातं आहे, फरक इतकाच की तिथे चढाईपटूला पर्याय नसतो. इथे प्रशिक्षकाला असतो आणि तो जवळपास नेहमी लाथेचाच असे.

सुरुवातीच्या काळात त्यात काही चूकही नव्हतं. चेंडू फुगीर, फेकायला अवघड. मैदानं चिखलाची, गुण तुटपुंजे. तेव्हा संघ चौथ्याची वाटही पाहत नसत; तिसऱ्या, दुसऱ्या, कधी पहिल्याच डाऊनवर पंट मारत. चेंडू आपल्या गोलरेषेपासून लांब ठेवा, समोरचा कधी ना कधी चुकेल आणि तेव्हा झडप घाला, हे त्या काळाचं शहाणपण. टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक रॉबर्ट नेलंड हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. ते पेशाने लष्करी अधिकारी. १९३९ च्या नियमित हंगामात त्यांच्या संघाने दहा सामने जिंकले आणि एकाही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही. असा बचाव हाताशी असताना चौथ्या डाऊनवर जोखीम घेणारा वेडाच ठरला असता.

पण खेळ बदलत गेला. एनएफएल या व्यावसायिक लीगने १९७४ मध्ये गोलखांब गोलरेषेवरून दहा यार्ड मागे नेले. १९७८ मध्ये बचावपटूंवर बंधनं आली आणि फेकीचा खेळ मोकळा झाला. यार्ड काढणं सोपं होत चाललं, तसं चेंडू सोडून देणं महाग होत चाललं. सवय मात्र तीच राहिली. पंटरचा मान तर वाढतच होता: १९७३ मध्ये ओकलंड रेडर्सने खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत रे गाय हा पंटर घेतला.

याच सुमारास कुणीतरी पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला, आणि तो मांडणारा मैदानातलाच होता. व्हर्जिल कार्टर हा व्यावसायिक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, खेळता खेळता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापनाचं शिक्षण घेत होता. तिथले प्राध्यापक रॉबर्ट मॅकोल यांच्या साथीने त्याने १९६९ च्या हंगामातल्या हजारो खेळींची नोंद तपासली. मैदानाच्या अमुक जागी चेंडू हातात असणं सरासरी किती गुणांचं, हा त्यांचा प्रश्न. १९७१ मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात त्याचं उत्तर छापून आलं. स्वतःच्या गोलरेषेला अगदी खेटून चेंडू मिळाला तर त्याची किंमत उणे निघते, हा त्यातला चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष. याचा अर्थ असा की प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ धाडस फसलं तरी फारसं बिघडत नाही, कारण समोरच्याला मिळालेला चेंडू त्याच्याच गळ्यात अडकतो. १९७८ मध्ये या जोडीने खास चौथ्या डाऊनवर टिपण लिहिलं. अभ्यासकांनी ते वाचलं. प्रशिक्षकांनी पंट मारणं चालू ठेवलं.

ते का, हे १० डिसेंबर १९९५ च्या एका सामन्यातून कळतं. फिलाडेल्फियात डॅलस काउबॉइज आणि ईगल्स १७-१७ बरोबरीत होते. दोनेक मिनिटं बाकी, चेंडू डॅलसच्या स्वतःच्या २९ यार्डांच्या रेषेवर, आणि हवा होता जेमतेम एक यार्ड. प्रशिक्षक बॅरी स्वित्झर यांनी पंट नाकारला. एमिट स्मिथ चेंडू घेऊन डावीकडे घुसला आणि अडवला गेला. पण चेंडू सुटण्याआधीच दोन मिनिटं उरल्याचा इशारा देऊन खेळ थांबवण्याची वेळ झाली होती, त्यामुळे ती खेळी रद्द ठरली. स्वित्झरना फेरविचाराची संधी मिळाली. त्यांनी तीच खेळी त्याच बाजूने पुन्हा लावली आणि स्मिथ पुन्हा अडला. ईगल्सनी फील्ड गोल मारून २०-१७ ने सामना घेतला. स्वित्झर यांची देशभर टिंगल झाली. त्याच हंगामात डॅलसने सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला, तरी हा प्रसंग त्यांच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. पंट मारून डॅलस हरला असता तर दोष बचावफळीवर गेला असता.

बर्कलीतले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००२ मध्ये नेमकं याच वर्तनावर बोट ठेवलं. नफ्यातोट्याचा विचार करणारे व्यावसायिक खरोखर सर्वात फायद्याचा पर्याय निवडतात का, हा त्यांचा अर्थशास्त्रीय प्रश्न. फुटबॉल हे निमित्त. १९९८ पासूनच्या सामन्यांची त्यांनी फक्त पहिली पंधरा मिनिटं घेतली, कारण तेव्हा धावफलक आणि घड्याळ यांचं दडपण नसतं. खेळून पाहणंच फायद्याचं ठरतं असे १,०६८ चौथे डाऊन त्यांना सापडले. त्यांपैकी ९५९ वेळा संघांनी लाथ मारली होती. वाचकांत न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे बिल बेलिचिक होते. त्यांची स्वतःची पदवी अर्थशास्त्राचीच.

१५ नोव्हेंबर २००९ रोजी इंडियानापोलिसमध्ये बेलिचिक यांचा संघ कोल्ट्सविरुद्ध ३४-२८ असा पुढे होता. दोन मिनिटं आणि आठ सेकंद उरली होती. चौथा डाऊन, दोन यार्ड हवे आणि चेंडू स्वतःच्या २८ यार्डांच्या रेषेवर. समोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता आणि पंट मारला तरी चेंडू जाणार होता त्याच्याच हाती. बेलिचिक यांनी खेळायचं ठरवलं. टॉम ब्रेडीने केविन फॉककडे चेंडू फेकला, फॉकने तो झेलला, पण आवश्यक रेषेच्या थोडा अलीकडे तो पाडला गेला. मॅनिंगच्या फेकीवर टचडाऊन झाला आणि कोल्ट्स ३५-३४ ने जिंकले. समालोचक आणि माजी खेळाडू तुटून पडले. नौदलातला माजी वैमानिक ब्रायन बर्क याने मात्र आकडे मांडून दाखवलं की तो निर्णय पंटपेक्षा सरस होता. त्या आठवड्यात त्याचं ऐकणारे थोडे होते. २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चौथ्या डाऊनवर सल्ला देणारी संगणकीय प्रणाली सुरू केली, ती बर्कच्याच गणितावर.

इकडे आर्कान्सॉमधल्या लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमी या शाळेत केविन केली नावाचे प्रशिक्षक पंट जवळपास बंदच करून बसले होते आणि राज्य अजिंक्यपदं जिंकत होते. शाळेचं ठीक आहे, असं म्हणून व्यावसायिक जग सोडून देत असे.

ते सोडून देणं थांबलं फिलाडेल्फियात. ईगल्सचे मालक जेफ्री लुरी आकडेवारीच्या बाजूने उभे होते आणि प्रशिक्षक डग पीडरसन यांच्या कानात सामना चालू असताना विश्लेषकाचा आवाज असे. धाडस फसलं तर खुर्ची जाणार नाही, ही हमी स्वित्झरना नव्हती, पीडरसनना होती. २०१७ च्या नियमित हंगामात ईगल्स २६ वेळा चौथ्या डाऊनवर खेळले आणि १७ वेळा यशस्वी झाले. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराला ३८ सेकंद असताना ते १५-१२ असे पुढे होते आणि गोलरेषा एक यार्डावर होती. फील्ड गोलचे तीन गुण खिशात असल्यासारखेच. पीडरसन यांनी अशी खेळी लावली की क्वार्टरबॅक निक फोल्सच चेंडू झेलणारा झाला. ट्रे बर्टनने फेकला, फोल्सने टचडाऊन केला. चौथ्या सत्रात एका गुणाने मागे असताना, स्वतःच्या अर्ध्यात, त्यांनी पुन्हा पंट नाकारला आणि पुन्हा जमवलं. न्यू इंग्लंडचा ४१-३३ असा पराभव झाला आणि त्या पहिल्या खेळीचा पुतळा ईगल्सच्या मैदानाबाहेर उभा राहिला.

मग दोषाची बाजूच पालटली. जानेवारी २०२१ मध्ये उपांत्य लढतीत ग्रीन बे पॅकर्स टॅम्पा बेविरुद्ध आठ गुणांनी मागे होते. दोन मिनिटांच्या आसपास वेळ, चौथा डाऊन, गोलरेषा आठ यार्डांवर. प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांनी तीन गुण घेतले. टॅम्पा बेने उरलेला वेळ खेळून काढला, पॅकर्सचा क्वार्टरबॅक आरोन रॉजर्स याच्या हाती चेंडू पुन्हा आलाच नाही आणि सामना ३१-२६ ने गेला. लाफ्लर यांना जाब विचारला गेला तो लाथ मारल्याबद्दल. बेलिचिक प्रकरणाला तेव्हा जेमतेम बारा वर्षंही झाली नव्हती.

धाडस म्हणजे यश असं यातून ठरलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्सचे डॅन कॅम्पबेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध उत्तरार्धात दोनदा फील्ड गोल सोडून खेळायचं ठरवलं, दोन्ही वेळा हात रिकामे राहिले आणि मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असलेला सामना ३४-३१ ने गेला. आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्यांनी सामन्यानंतर सांगितलं. त्यांची खुर्ची शाबूत राहिली, आणि पुढच्या नियमित हंगामात त्याच वृत्तीने खेळून लायन्सनी सतरापैकी पंधरा सामने जिंकले.

फिलाडेल्फियाने तर एका यार्डाचा प्रश्न जवळपास निकालात काढला. चेंडू धरलेल्याला मागून ढकलण्यावरची बंदी लीगने २००५ मध्ये उठवली होती. २०२२ पासून ईगल्सनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागून रेटत पुढे घुसवण्याची ‘टश पुश’ ही खेळी इतकी पक्की केली की प्रतिस्पर्धी हैराण झाले. मे २०२५ मध्ये ग्रीन बेच्या प्रस्तावावर ३२ संघमालकांनी मतदान केलं. बंदीसाठी २४ मतं लागत होती, पडली २२. चौथ्या डाऊनवर कुणी खेळतच नाही, ही अभ्यासकांची जुनी तक्रार. मालकांपुढे आलेली तक्रार अशी होती की तो आता फारच सहज निघतो.