खरखरीशी लढत : बेल लॅब्जची वाटचाल

बेल लॅब्ज म्हटलं की लोकांना ट्रान्झिस्टर आठवतो. मला मात्र १९२५ साली सुरू झालेल्या या अमेरिकी संस्थेची खरी ओळख तारेतल्या खरखरीशी चाललेल्या लढतीत दिसते. लांब पल्ल्याच्या फोनवर आवाज वाटेत क्षीण होई, म्हणून ठिकठिकाणी तो वाढवणारी यंत्रं बसवावी लागत. ही यंत्रं बोलण्याबरोबर खरखरही वाढवत, वर स्वतःची थोडी भर घालत. टप्पे जितके जास्त, तितका कचरा जास्त.

१९४८ मध्ये संस्थेतल्याच क्लॉड शॅननने सिद्ध केलं, की वाहिनी कितीही गोंगाटाची असली तरी ठरावीक वेगाच्या आत संदेश जवळपास बिनचूक पोचवता येतो. कसा, हे मात्र त्याने सांगितलं नाही. गणितज्ञांना तेवढी मुभा असते!

‘कसा’चा एक धडा त्याचा सहकारी रिचर्ड हॅमिंगने दिला, तोही वैतागून. शनिवार-रविवारी माणसं नसताना संस्थेचं गणकयंत्र चूक सापडली की हॅमिंगचं काम सोडून पुढच्या कामाकडे वळे. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? चार अंकांमागे त्याने तीन तपासणी-अंक जोडले. तीन तपासण्यांचे निकाल आठ प्रकारचे : एक ‘सगळं ठीक’ म्हणणारा, उरलेले सात चुकलेल्या अंकाकडे बोट दाखवणारे. ही पद्धत मांडणारा त्याचा लेख १९५० मध्ये छापून आला.

१९६२ मध्ये संस्थेची टी-वन ही फोनवरचा आवाज अंकांत बदलून विजेच्या ठोक्यांनी पाठवणारी यंत्रणा सुरू झाली. तिच्या वाटेतली यंत्रं आवाज वाढवत नसत. आलेला ठोका आहे की नाही एवढंच ठरवून नवा, स्वच्छ ठोका पुढे पाठवत. खरखर तिथल्या तिथे गळून पडे.

याच संस्थेतल्या नील स्लोनने जॉन कॉनवेबरोबर १९८८ मध्ये बिंदूंच्या नियमित जाळ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. संदेश अशा जाळीतल्या बिंदूंच्या रूपात पाठवता येतात, आणि जाळीतल्या दोन बिंदूंची बेरीज पुन्हा जाळीतलाच बिंदू असते. २०११ मध्ये बॉबक नाझेर आणि मायकल गास्टपार या संशोधकांनी हाच गुण हेरला. दोन प्रेषकांचे संदेश हवेत मिसळून मधल्या केंद्रावर आदळले, तर केंद्राने ते वेगळे करत बसू नये. बेरीज ओळखून, खरखर झाडून तीच पुढे धाडावी. हे दोन प्रेषक एकमेकांशीच बोलत असतील, तर प्रत्येकाने त्या बेरजेतून आपला संदेश वजा केला की समोरच्याचा हाती येतो.

बेल लॅब्ज तोवर एटीअँडटीकडून ल्युसेंटकडे, तिथून अल्काटेल-ल्युसेंटकडे गेली होती. २०१६ मध्ये ती नोकियाची झाली.