नोंदवहीतली बाई

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय कडेचे, अक्कलकोट तालुक्यातले गाव. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे मराठीइतकीच कानडीही कानी पडते. दोन भाषा हाताशी असूनही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नाव मात्र कुणी उच्चारत नाही. 'पिशवीचं दुखणं' एवढ्यावर भागते. या मौनाचा इतिहास लिहायला हवा असे आम्हांस वाटते, कारण याच जिल्ह्यात या रोगाचा दुसरा, आकड्यांचा इतिहास घडलेला आहे.

1987 साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते जात, बायकांना जमवून लक्षणे समजावीत. त्यामुळे लवकरच्या अवस्थेत उपचारांस येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, त्या अधिक जगू लागल्या. पुढे 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदाच देऊ केलेल्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न दिलेल्या, काहीशा लहानच गटात 64. (त्या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद पुढे झाला, तो व्हायलाच हवा होता.)

परंतु बाई उशिरा का येते? आमच्या मते उत्तर वैद्यकात कमी आणि घरात अधिक आहे. रक्त दिसले की 'कावळा शिवला', बाई बाहेरची. चूल, देव्हारा, पाण्याचा हंडा तिला वर्ज्य. महिन्याचे चार दिवस निभतात. या रोगात रक्तस्राव केव्हाही होतो, पाळी जाऊन वर्षे लोटल्यावरही. सांगितले तर घरातली जागाच जाणार. म्हणून ती लपवते, चिंध्या रात्री धुते, आणि स्वयंपाक करीत राहते. लाजेपेक्षाही हा हक्काचा प्रश्न आहे, हे शहरी लेखनात क्वचितच येते.

लाजेचे मूळही जुने आहे. 1842 साली इटलीतील रिगोनी-स्टर्न याने व्हेरोनाच्या मृत्युनोंदी चाळून दाखवले, की हा रोग विवाहितांत आढळतो, जोगिणींत फारच विरळा. विषाणूचे कारण सिद्ध करणाऱ्या त्सुर हाउझेन यांना 2008 चे नोबेल मिळाले. संसर्ग शरीरसंबंधातून होतो, एवढे कळताच बोट बाईकडे वळते. जिने नवऱ्यावाचून पुरुष जाणला नाही, तिच्याकडेसुद्धा.

किरणोपचारानंतर पाळी थांबते, योनिमार्ग आखडतो, कोरडा पडतो. त्यावर उपाय आहेत, पण दवाखान्यातल्या गर्दीत ते बाई विचारीत नाही आणि डॉक्टर सांगत नाहीत. नवऱ्याला वाटते, रोग आपल्याला लागेल. उपचार पुरे झालेल्या बाईपासून कर्करोग कुणाला लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नोंदवहीत अशा स्त्रीपुढे 'हयात' असा शेरा पडतो, आणि तो खराही असतो.

मैंदर्गीकडच्या, आमच्या परिचयाच्या एका बाईंच्या उपचारांना बरीच वर्षे झाली. चूल त्यांच्याकडे परत आली. अंथरूण मात्र सासूच्या खोलीत गेले, ते तिथेच राहिले.